बरोबरीतला सामना टायब्रेकरवर सोडवावा का?

फुटबॉलच्या नियमपुस्तकाप्रमाणे टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतर दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पाच-पाच पेनल्टी किक, सामना जिंकून देत नाही. सामना बरोबरीतच संपतो. पुढच्या फेरीत कोण जाणार किंवा करंडक कुणाला द्यायचा, एवढंच त्या पेनल्टी किक ठरवतात. 4 जुलै 2023 रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने कुवेतला हरवलं असं आपण सर्रास म्हणतो. नोंद मात्र 1-1 अशी आहे. 5-4 हा टायब्रेकरचा वेगळा हिशेब. फिफाची क्रमवारीही हाच विचार धरते. तिथे विजयाचं मूल्य 1, बरोबरीचं अर्धा, पराभवाचं शून्य. टायब्रेकर जिंकणाऱ्याला पाऊण मिळतो आणि हरणाऱ्याला अर्धा, म्हणजे बरोबरीचाच. टायब्रेकरमध्ये गेलेला संघ फिफाच्या लेखी हरलेलाच नसतो.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की वाद बराच आटोपशीर होतो. साखळी सामन्यात टायब्रेकरची गरजच नाही, एकेक गुण वाटून मोकळं व्हावं. बाद फेरीत मात्र कुणाला तरी घरी पाठवावंच लागतं. मग पाठवायचं कशाच्या आधारावर?

1970 पर्यंत याचं उत्तर होतं पुन्हा सामना, नाहीतर नाणं किंवा चिठ्ठी. 1968 च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोविएत संघ यांचा उपांत्य सामना नेपल्सला 0-0 राहिला. जादा वेळेतही गोल नाही. मग नाणं उडवलं, इटलीचा कर्णधार जाचिंतो फाकेट्टी जिंकला आणि पुढे इटली चॅम्पियन झाली. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाशी बरोबरी करून चिठ्ठीवर बाहेर पडला. त्या चिडीतूनच इस्रायलच्या योसेफ दगान यांनी पेनल्टीचा प्रस्ताव पुढे रेटला आणि 27 जून 1970 रोजी नियम ठरवणाऱ्या आयफॅब या मंडळाने तो मंजूर केला. इंग्लंडमध्ये त्याच ऑगस्टमध्ये हल सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात पहिला टायब्रेकर झाला. पहिली किक जॉर्ज बेस्टची, आत गेली. चुकलेली पहिली किक डेनिस लॉची. लॉसारखा गोल करणारा चुकतो म्हटल्यावर 'हे नशीब आहे' हा आरोप जन्मालाच आला.

आपल्या देशात आणखी एक वाट होती, संयुक्त विजेत्यांची. 1960 चा ड्युरँड कप आणि 1978 चा फेडरेशन कप मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी वाटून घेतला. अंतिम सामन्यापुरती ही वाट वाईट नाही. उपांत्य फेरीला मात्र ती चालत नाही, कारण अंतिम सामन्यात तीन संघ उतरवता येत नाहीत.

लॉटरीचा आरोप आकडे मांडून तपासता येतो. व्यावसायिक खेळात चारपैकी साधारण तीन पेनल्टी गोल होतात. आता समजा एका संघाचे खेळाडू शंभरात 80 किक आत मारतात आणि दुसऱ्याचे 70. किकमागे फरक फक्त दहाचा. पाच-पाच किक आणि लागली तर सडनडेथ (पुढे एकेक किक, फरक पडला की निकाल) असा पूर्ण हिशेब केला तर पहिला संघ शंभरात सुमारे 67 वेळा जिंकतो. म्हणजे तीनपैकी दोनदा. नाण्याला हे जमत नाही. नाणं सराव ओळखत नाही. उलट बाजूही बघा: तिसऱ्या वेळी कमी पटाईत संघ जिंकणारच, कारण पाच किक हा नमुना फार लहान. दोन्ही संघ 75 टक्क्यांचे असतील तर पाच-पाच किकनंतरही बरोबरी राहण्याची शक्यता 29 टक्के निघते. सडनडेथची तयारी न करता उतरणारे प्रशिक्षक हा आकडा विसरतात.

म्हणून टायब्रेकर कौशल्य मोजतो, हे मान्यच करावं. पण मोजतो ते एका अरुंद कामाचं कौशल्य. पास नाही, टॅकल नाही, जागा काढणं नाही. सगळ्या कुस्त्या सोडून नुसत्या पकडीच्या जोरावर मानाची गदा द्यावी, तसा हा प्रकार. पकड कुस्तीत लागतेच, पण पकड म्हणजे कुस्ती नव्हे. तरी दमलेल्या खेळाडूंना आणखी अर्धा तास पळवण्यापेक्षा किंवा नाणं उडवण्यापेक्षा हे बरं, असं आमचं मत. फक्त ते नीट घ्यायला हवं. आपल्याकडे अन्याय बहुतेक वेळा टायब्रेकर या पद्धतीमुळे होत नाही, तो ढिसाळपणे घेतल्यामुळे होतो.

आधी जागा. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर हवा. गोलरेषेच्या मागच्या कडेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत टेपने मोजायचं, दोन्ही खांबांच्या बरोबर मध्यावर. फक्की मारणारा घाईत '12 पावलं' टाकतो. नियमातलं मूळ माप 12 यार्डांचं आहे, पावलांचं नाही. साधं चालीचं पाऊल पाऊण मीटरचं असतं. 12 पावलं म्हणजे 9 मीटर. ताशी 90 किलोमीटर वेगाचा चेंडू 11 मीटर जायला 0.44 सेकंद घेतो, 9 मीटरला 0.36. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. एवढ्या जागेत आधीच हतबल असलेल्या कीपरकडून आपण फक्कीच्या डब्यानेच आणखी वेळ काढून घेतो. गोल लहान असेल तर अंतरही त्या मानाने कमी करावं. फुटसालमध्ये गोल 3 मीटर बाय 2 मीटर आणि पेनल्टी 6 मीटरवरून, हे माप धरायला सोपं पडतं.

आपल्याकडे तांबडी माती आणि पाऊस. सातव्या-आठव्या किकपर्यंत ठिपक्याजवळ, जिथे आधाराचा पाय पडतो तिथे, तळव्याएवढा खड्डा होतो आणि त्यात पाणी साचतं. मग प्रत्येक जण चेंडू हळूच वीतभर बाजूला सरकवतो, रेफ्री बघून न बघितल्यासारखं करतो. नियम सांगतो की चेंडूचा काही भाग ठिपक्याच्या मध्यावर टेकलेला किंवा त्यावर आलेला असला पाहिजे. उपाय स्वस्त आहे. गोलामागे दोन घमेली कोरडी माती किंवा बारीक वाळू ठेवावी, खड्डा बुजवून पायाने दाबावा, ठिपका पुन्हा मारावा. आणि कुठल्या गोलावर किक घ्यायच्या यासाठी रेफ्री नाणं उडवतो तेव्हाच बघून घ्यावं. एक गोल चिखलात असेल तर नाणं न उडवता चांगला गोल निवडायची मोकळीक त्याला नियमानेच दिली आहे. एकदा सुरू झाल्यावर गोल बदलायचा तर सुरक्षेचं कारण हवं, नाहीतर तो गोल किंवा जमीन निरुपयोगी झालेली असली पाहिजे, 'आमच्या बाजूला करा' म्हणून नाही.

दुसरं नाणं पहिली किक कुणाची यासाठी. टॉस जिंकणारा कर्णधार पहिली की दुसरी हे निवडतो.

किक कोण मारू शकतो, इथे गल्लीच्या स्पर्धेत सगळ्यात जास्त भांडण होतं. नियम सरळ आहे: शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जे मैदानात होते तेच. दुखापतीवर उपचार घ्यायला किंवा बूट बदलायला तात्पुरता बाहेर गेलेला चालतो. बदली होऊन बसलेला नाही, लाल कार्डवाला तर नाहीच. म्हणून पेनल्टीचा हुकमी खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांत दमला म्हणून काढायचा नाही. एक अपवाद कीपरचा. कीपर टायब्रेकरच्या आधी किंवा मध्येच जायबंदी झाला आणि संघाच्या बदल्या शिल्लक असतील तर राखीव यादीतला खेळाडू घेता येतो.

समजा एक संघ दहावर आला आहे आणि दुसऱ्याचे अकरा आहेत. अकरावाल्यांनी एक कमी करायचा. 'त्यांना लाल कार्ड मिळालं, शिक्षा आम्हाला का?' हा प्रश्न हटकून येतो. कारण असं की प्रत्येक पात्र खेळाडूने एकदा किक मारल्याशिवाय कुणालाही दुसरी मिळत नाही. दहांच्या संघाचा हुकमी मारणारा अकराव्या किकला परत येईल, आणि तेव्हा अकरांच्या संघाला आपला सगळ्यात कच्चा गडी पाठवावा लागेल. आकडा सारखा केला नाही तर लाल कार्डाचा फायदाच झाला. पाच नावांची लेखी यादी आधीच मागायची पद्धत आपल्याकडे आहे. नियमात तसं काही नाही. क्रम संघ ठरवतो, रेफ्रीला सांगायची गरज नसते, आणि परिस्थिती बघून पुढचा माणूस बदलता येतो.

बाकीचे सगळे मध्यवर्तुळात थांबायचे. किक मारणाऱ्या संघाचा कीपर मात्र मैदानातच, पेनल्टी एरियाची रेघ गोलरेषेला मिळते त्या कोपऱ्यावर, एरियाच्या बाहेर. एक लाइन्समन गोल एरियाच्या कोपऱ्याशी गोलरेषेवर, चेंडू आत गेला का आणि कीपर रेषेवर होता का हे बघायला. दोनच पंच असतील तरी ही जागा रिकामी सोडू नये.

कीपरचा नियम गेल्या काही वर्षांत बदलला, पण जुनाच बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. चेंडूला पाय लागतो त्या क्षणी कीपरच्या एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे हवा. दोन्ही पाय नकोत, एक पुरे. तो आधी पुढे आला आणि चेंडू अडवला तर किक पुन्हा. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी पिवळं कार्ड. पुढे आला पण चेंडू थेट बाहेर गेला किंवा बारला लागला, तर किक परत मिळत नाही, कीपरच्या हालचालीमुळे मारणारा स्पष्टपणे बिचकला असेल तरच मिळते. खांब हलवणं, जाळी ओढणं, चेंडू दूर फेकून वेळ काढणं, हे 2022 च्या विश्वचषकानंतर नियमात लिहूनच बंद केलं.

मारणाऱ्यासाठी: धावताना अडखळून झुलवणं चालतं. धाव संपल्यावर पाय मागे घेऊन थांबणं चालत नाही; तसं केलं की पिवळं कार्ड आणि किक वाया. चेंडूला दोनदा पाय लागला तर? मार्च 2025 मध्ये माद्रिदच्या दोन संघांच्या सामन्यात हुलियान आल्वारेसचा पाय घसरला, चेंडूला दुसऱ्या पायाचाही स्पर्श झाला आणि गोल रद्द झाला. त्या गदारोळानंतर आयफॅबने खुलासा केला: स्पर्श चुकून झाला आणि चेंडू आत गेला तर किक पुन्हा घ्यायची, आत गेला नाही तर हुकली धरायची. ओल्या मातीत घसरणं रोजचंच असल्याने हा खुलासा आपल्या रेफ्रींनी पाठच करून ठेवावा.

गुणपत्रक हा आणखी एक घोटाळा. पाच-पाच किक पूर्ण झाल्याच पाहिजेत असं नाही. समोरच्याला गाठणं अशक्य झालं की तिथेच थांबायचं. अ संघाचे तीनपैकी तीन, ब चे तीनपैकी एक. संपलं का? ब च्या दोन किक शिल्लक, जास्तीत जास्त तीन होतील, म्हणजे अजून बरोबरी शक्य. अ ने चौथी आत मारली की चार झाले, ब तीनच्या पुढे जाऊ शकत नाही. इथे शिट्टी. ब ची चौथी किक घ्यायचीच नाही. कागदावर प्रत्येक किकनंतर 'झालेले गोल अधिक शिल्लक किक' अशी बेरीज लिहिली तर चूक होत नाही. सामन्यातलं पिवळं कार्ड टायब्रेकरमध्ये पुढे धरत नाहीत, हेही त्याच कागदावर वर लिहून ठेवावं.

मानसिक बाजू थोडक्यात, कारण त्यावर बाहेर भरपूर बोललं जातं. इस्रायली संशोधक मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी 286 पेनल्टी तपासल्या. कीपर फक्त 6.3 टक्के वेळा मधे उभे राहिले, पण 28.7 टक्के किक मधे आल्या होत्या. उडी न मारता गोल खाल्ला तर लोक बोलतात, म्हणून कीपर उडी मारतो. यावरून 'मधे मारा' असा सोपा सल्ला काढू नये. सगळे मधे मारायला लागले की कीपरही थांबतील. बाजू बदलत राहणं हाच शहाणपणा. आणि तयारीचा फरक पडतो. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर 2022 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात हैदराबादच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने केरळच्या तीन किक अडवल्या. एका टायब्रेकरमध्ये तीन, याला नशीब म्हणणं कीपरवर अन्याय आहे.

खरी शंका क्रमाची. 2010 मध्ये आपेस्तेगिया आणि पालासिओस-उएर्ता या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की पहिली किक मारणारा संघ साधारण 60 टक्के वेळा जिंकतो, कारण दुसरा सतत पाठलागाच्या दडपणाखाली असतो. नंतर जास्त सामने घेतलेल्या मोजणीत हा फायदा 53 टक्क्यांच्या आसपास उतरला, म्हणजे असलाच तर थोडा. तरी अ-ब, ब-अ, अ-ब असा उलटसुलट क्रम लावला तर शंकेलाच जागा उरत नाही. टेनिसच्या टायब्रेकमध्ये असंच चालतं. आयफॅबने 2017 मध्ये हा क्रम करून बघितला आणि 2018 च्या अखेरीस गुंतागुंतीचं कारण देऊन सोडून दिला. सर्व्हिस कुणाची हे टेनिसच्या प्रेक्षकांना कळतं तर फुटबॉलच्या प्रेक्षकांनाही कळलं असतं. मंडळाने हात आखडता घेतला, असंच म्हणावं लागतं.

पर्याय बरेच आजमावून झाले. गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल तो विजयी: 1996 च्या युरोत जर्मनीचा बीअरहॉफ आणि 2000 मध्ये फ्रान्सचा ट्रेझेगे अंतिम सामन्यात अशाच गोलाने जिंकवून गेले. कल्पना धाडसी खेळाची होती, पण एक चूक म्हणजे मरण म्हटल्यावर संघ जास्तच मागे बसू लागले. 2004 नंतर तो गेला. अमेरिकेच्या लीगमध्ये 35 यार्डांवरून चेंडू घेऊन पाच सेकंदांत कीपरला चकवायचं, असा प्रकार होता. फुटबॉलच्या तो पेनल्टीपेक्षा जवळचा, पण रेफ्रीची डोकेदुखी मोठी.

सगळ्यात विचार करण्यासारखी कल्पना म्हणजे टायब्रेकर आधी, जादा वेळ नंतर. 90 मिनिटांनी बरोबरी असेल तर लगेच पेनल्टी. मग 30 मिनिटं खेळ. त्यात गोलफरक पडला तर तोच निकाल, नाहीतर पेनल्टीचा. टायब्रेकरची वाट बघत बसायची सवय यात मोडते. 1991 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेड स्टार बेलग्रेडने मार्सेविरुद्ध इटलीतल्या बारीला नेमकी तशीच वाट बघितली होती: 120 मिनिटं 0-0, मग टायब्रेकरवर 5-3. नव्या क्रमात पेनल्टी हरलेल्याला हल्ला करावाच लागेल. जिंकलेला संघ मात्र तीस मिनिटं गोलासमोर भिंत बांधेल, हा तोटा उरतोच. शिवाय शेवटची किक एकट्याच्या माथी येत नाही, ही यातली माणुसकी. 2021 च्या युरो अंतिम सामन्यात किक चुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना नंतर जे ऐकावं लागलं ते पाहता ही गोष्ट किरकोळ नाही.

आपल्या गल्ली आणि शाळांच्या स्पर्धांना जादा वेळ बहुधा नकोच. पोरं एका दिवसात दोन-दोन सामने खेळतात, पाय आखडतात. शिवाय उजेड. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेचारला सुरू झालेला 30-30 मिनिटांचा सामना, मधली 10 मिनिटं धरून, पावणेसहाला संपतो. एका किकला मिनिटभर आणि तयारीला पाच मिनिटं धरली तर टायब्रेकर सहाला उरकतो. मध्ये दहा-दहा मिनिटांची जादा वेळ घातली की किक अंधारात. लॅटिन अमेरिकेतल्या लिबर्तादोरेस स्पर्धेतही अंतिम सामना सोडला तर बाद फेरीत थेट पेनल्टीच घेतात, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

आणि तरीही सडनडेथ लांबून चेंडू दिसेनासा झाला तर काय, हे स्पर्धेच्या पत्रकात आधीच छापलेलं असावं. ऐनवेळी आयोजकांनी चिठ्ठी काढली की 1968 परत आलं. त्यापेक्षा झालेल्या किक कागदावर कायम ठेवाव्यात, कुणाकुणाच्या झाल्या ती नावं दोन्ही कर्णधारांच्या सह्यांनिशी लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सामन्याआधी त्याच गोलावर, त्याच खेळाडूंनिशी पुढची किक घ्यावी.